पाचव्या टप्प्यावरची तगर

तिसऱ्यांदा मोजली तरी चाळीसच भरली.

माझ्या सर्व्हे शीटवर एकोणचाळीस होती. ती शीट मीच भरली होती, दहा दिवसांपूर्वी, प्रत्येक झुडपाला टेप लावून. मोजणीत मी चुकत नाही. हा गर्व नाही, खोड आहे. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीचा जिना चढताना मी अजूनही पायऱ्या मोजते, आणि त्यावरून घरी माझी यथेच्छ टिंगल होते.

खरं तर चाळीस म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला एक झुडूप कमीच पडत होतं. पण तगर रातोरात उगवत नाही. मी भर दुपारी पाचव्या टप्प्यावर उभी होते, आणि सगळे लेबर वरच्या टप्प्यावर जेवायला गेले होते. मला एकदम एकटं वाटलं.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. म्हणजे बागांचे नकाशे काढते. नातेवाइकांना वाटतं मी कुंड्या विकते. गेली काही वर्षं माझ्याकडे जुन्या बागा पूर्ववत करायची कामं येतात. ही बाग कल्याणच्या जुन्या भागात, खाडीकडे उतरणाऱ्या टेकडीवर आहे. कुणा शेठजींनी आपल्या बंगल्यापुढे हौसेने बांधून घेतलेली. बंगला पडला, शेठजींचं घराणं मुंबईला गेलं, आणि बाग सार्वजनिक झाली.

अशा बागेला टेरेस्ड गार्डन म्हणतात. डोंगरउतारावर भातखाचरं असतात तशी ही बाग पाच टप्प्यांत खाली येते. प्रत्येक टप्प्याला काळ्या दगडाची भिंत. ती मागची माती धरून ठेवते, म्हणून रिटेनिंग वॉल. मधोमध रुंद पायऱ्या. पायऱ्यांच्या डाव्या हाताला जे, तेच उजव्या हाताला, तेवढ्याच अंतरावर. या मधल्या रेघेला आम्ही अ‍ॅक्सिस म्हणतो, आणि फॉर्मल बागेचा सगळा जीव त्या रेघेत असतो. ती हलली की बाग संपली. उरतं ते नुसतं रान.

शेठजींच्या नातसुनेकडे एक जुना फोटो मिळाला. त्यात वरचे चार टप्पे अगदी रेखीव. पाचवा, खाडीलगतचा, नुसत्या हिरवळीचा. प्रत्यक्षात तिथे तगरीची झुडपं होती, आणि तीही कशीही लावलेली. दोन अगदी खेटून, मग दहा फूट काही नाही, मग चार एकदम. फोटोत नाही म्हणजे नंतरचं, आणि नंतरचं म्हणजे काढायचं, असा आमच्या कामाचा साधारण नियम. पण खोडं मनगटाएवढी झालेली. तोडायला जीव होईना. म्हणून मी प्लॅन केला की उन्हं तापायच्या आत सगळी मातीच्या गोळ्यासकट उचलायची आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सरळ रांगेत लावायची.

अडचण एकच. एकोणचाळीस विषम. डावीकडे वीस लावली तर उजवीकडे एकोणीस.

मी साइटवर मोठ्याने बोलते. सवयच आहे. त्या आठवड्यात मी येता-जाता म्हणत होते, "एक कमी पडतंय. कुठूनतरी एक आणा रे."

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खोदणाऱ्यांचे हात थांबले. काथोडदादा जवळ आले. हे बागेतले जुने माळी, खाडीकाठच्या गावातले, निवृत्तीला तीन महिने उरलेले. एरवी थट्टामस्करी करणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"बाय, हितं असा बोलू नका."

"कसं?"

"कमी परतंय म्हनून. हितं नका बोलू."

मी हसले. माळ्यांच्या शंभर समजुती असतात. तिन्हीसांजेला फूल तोडू नये, लिंबाला बोट दाखवू नये. ही एकशे एकावी असेल.

पण त्यानंतर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. कल्याणात काय किंवा ठाण्यात काय, सार्वजनिक बागेत सकाळी सातनंतर फूल शिल्लक राहत नाही. फिरायला येणारे काका प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन येतात आणि देवाच्या नावाने झाडं ओरबाडतात. वरच्या चार टप्प्यांवर जास्वंदीची कळीसुद्धा उरत नव्हती. पाचव्या टप्प्यावर तगर पांढरीशुभ्र फुलायची आणि तशीच गळून पडायची. एकाही काकाचा हात तिथे पोचत नव्हता. पायऱ्यांवरून सहज पोचला असता.

लेबरचंही तेच. अख्ख्या बागेतली दाट सावली खाली, आणि ही माणसं वरच्या टप्प्यावर उन्हात बसून डबे उघडायची. विचारलं तर म्हणायची, "वर वारा येतो मॅडम." वारा खाडीकडून, म्हणजे खालून यायचा.

मग फक्कीचं झालं. फक्की म्हणजे चुन्याची पूड. नकाशावरची रेघ जमिनीवर उतरवायची तर दोरी ताणून तिच्याकडेने फक्की टाकतात. एका संध्याकाळी मी स्वतः उभं राहून दोन सरळ रेघा टाकून घेतल्या. काही झुडपांच्या बुंध्यांवरूनच त्या गेल्या होत्या, कारण ती झुडपं हलणारच होती. सकाळी येऊन बघते तर रेघा जागच्या जागी, फक्त जिथे झुडूप आलं तिथे रेघ त्याला वळसा घालून गेलेली. पुसलेली नाही, पायाने विस्कटलेली नाही. नीट टाकलेली, बोटभर जाडीची, प्रत्येक बुंध्याभोवती गोल. वॉचमन म्हणाला, रात्री कुणी आलं नाही. मी वॉचमनवर ओरडले, कारण भीती वाटली की मी ओरडते.

आणि आता चाळीस.

चाळिसावं कुठलं ते शोधायला वेळ लागला नाही. डाव्या कोपऱ्यात, भिंतीच्या अगदी जवळ, हातभर उंचीचं नवं रोप. नर्सरीच्या पिशवीत वाढलेलं असणार, काडी अजून सरळ होती. मी खाली बसले आणि पानं बघितली. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळलेल्या. कडेकडेने जळलेलं पान म्हणजे बहुतेक वेळा मीठ. खाडीच्या बाजूला हे नेहमी दिसतं. पण शेजारच्या झुडपांची पानं तकतकीत होती, आणि खाडीचं पाणी एकाच रोपाला शोधत येत नाही.

मी बोटाने माती उकरली. दोन पेरांवरच जाड मिठाचे खडे लागले. मूठ-दोन मुठी नव्हे, चांगलं शेरभर असावं.

रोपाला कोणी मीठ घालत नाही. झाड मारायचं असेल तर घालतात, पण मारायचं झाड मुळात लावेल कोण? मी काथोडदादांना हाक मारली. ते अर्धवट जेवणावरून उठून आले. मी तळहातावरचे खडे पुढे केले. त्यांनी ते बघितले, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बाय, तुमच्यात तान्हा पोर गेला तं काय करतात?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात मीठ घालतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. कुठल्या मराठी घराला माहीत नसतं? आणि तरीही दहा दिवस मी त्या एकोणचाळीस झुडपांमध्ये टेप घेऊन हिंडत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त अंतरं होती.

"सगळी?" मी विचारलं.

"सगली. बंगला परला, मंग हा खालचा टप्पा कोनाचाच नव्हता. गावातली, चाळीतली, ज्याचा गेला तो हितं आनायचा. वर एक तगर लावायची. आता कोन नाय आनत. लई वर्सां झाली बंद होऊन." त्यांनी डावीकडे बोट केलं. "ती तिसरी माजी बहीन. नाव ठेवायच्या आदी गेली."

मी पायरीवर बसले. मी काय बोलले होते ते मला आठवलं. एक कमी पडतंय. कुठूनतरी एक आणा. या लेकरांच्या मधोमध उभं राहून, मोठ्याने, आठवडाभर.

आणि कुणीतरी आणलं होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. उद्यान विभागाचे प्रधान साहेब. काम वेळेत संपवायची जबाबदारी त्यांची, त्यामुळे ते दिवसातून दोनदा फोन करत.

"मॅडम, शिफ्टिंग सुरू झालं का?"

"उद्या."

"उद्या नक्की ना? वरून विचारणा आहे. पाचवा टप्पा झाला की आपण मोकळे."

"हो सर."

फोन ठेवला. जुनी झुडपं हा एक प्रश्न होता. चाळिसावं हा वेगळा. आजच्या काळात सार्वजनिक बागेत कुणी गुपचूप मूल पुरलं असेल, तर ते मूल कशाने गेलं? पोलिसांना कळवायला हवं. कळवलं तर पंचनामा, आणि पंचनामा एका झुडपापाशी थांबणार नाही. अख्खा टप्पा उकरला जाईल. काथोडदादांच्या बहिणीसकट.

"आदी बगू," काथोडदादा म्हणाले.

नियमाने ते चूक होतं. आज कुणी विचारलं तरी मी चूकच म्हणेन. पण मी मान हलवली. मोबाइल उजव्या हातात धरला, शंभर नंबर दाबून ठेवला, फक्त कॉल करायचं बाकी ठेवलं. काथोडदादांनी फावडं घेतलं नाही. गुडघ्यांवर बसून हातांनी माती बाजूला केली. रोप उचलून ओल्या गोणपाटावर ठेवलं. मग मीठ. मग कापड.

मी आयुष्यात पुष्कळ खड्डे बघितलेत. पाइप, गटारं, साप, एकदा बेवारस तिजोरी. इतकी कधी घाबरले नाही. पांढऱ्या फडक्याची लहानशी घडी होती, चारी बाजूंनी नीट दुमडलेली. काथोडदादांनी ती उलगडली.

आत एक टोपडं होतं. नवीन, पिवळ्या लोकरीचं, हाताने विणलेलं, हनुवटीखाली बांधायच्या दोन नाड्या. आणि काही नाही. आम्ही खाली हातभर उकरलं. कधी न हललेली घट्ट माती लागली. ती जागा रिकामी होती.

माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच जास्तच भीती वाटली. मूल असतं तर त्याचा अर्थ लागला असता. रिकामं टोपडं मिठात कोण पुरतं?

आम्ही घडी पुन्हा जशीच्या तशी केली आणि माती लोटली. रोप मात्र मी मिठात परत ठेवू दिलं नाही. ते गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्टिंग सुरू झालं नाही. साहेबांना मी क्रेनची सबब सांगितली. तगरीला क्रेन लागत नाही, पण हे साहेबांना ठाऊक नव्हतं. दुपारी लेबर जेवायला वर गेले तशी मी पायऱ्यांच्या कठड्यामागे बसून राहिले. काथोडदादा म्हणाले होते की झुडपांना पाणी घालायला ज्यांना यायचं असतं ते याच वेळेला येतात.

साडेबाराच्या सुमाराला एक बाई उतरली. सत्तरीची असेल. साधी सुती साडी, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली. ती थेट कोपऱ्यात गेली, आणि रोप जागेवर नाही हे बघून तिथेच उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. नुसतं खाली बसून मातीवर हात ठेवला.

मी पुढे झाले. "ताई, रोप आहे. माझ्याकडे आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्या मॅडम का?"

"हो."

"मग रांगेत लावलं ना?"

मला कळेना. तिनेच सांगितलं. नाव विमल. पूर्वी बागेमागच्या चाळीत राहायची, आता मुलासोबत टिटवाळ्याला नवीन इमारतीत. काथोडदादांची बायको तिची जुनी मैत्रीण. तिच्याकडून बातमी पोचली की मॅडम झाडं उचलून रांगेत लावणार आहेत, सगळी नीट मोजलीयत, आणि एक कमी पडतंय.

"सासूची दोन इथे आहेत," विमलताई म्हणाल्या. "जावेचं एक. माझं पहिलं दवाखान्यातच गेलं. मी शुद्धीवर आले तर पाळणा रिकामा. मुलगा की मुलगी तेही कुणी नीट सांगितलं नाही. हे म्हणाले, विचारू नको. मी विचारलं नाही. दवाखान्याने काय केलं त्याचं, कुठे ठेवलं, काही माहीत नाही." त्या बोलताना माती सारखी करत होत्या. "चाळीतल्या बायका अमावास्येला इथे पाणी घालायला यायच्या. मी पण यायचे. पण माझं झाडच नव्हतं. मी नुसती उभी राहायचे. इतकी वर्षं तगर लावली नाही. कशी लावणार? खाली काही नाही तर. मग ऐकलं की एक कमी पडतंय. म्हटलं, मोजलंयच त्यांनी, तर आपलं त्यात बसेल. सगळी रांगेत जातील, तर आपलंही जाईल."

मला रडू आलं. साइटवर मी रडत नाही, पण त्या दिवशी रडले. विमलताईंनीच मला बाटलीतलं पाणी दिलं.

मग मी मला जे येतं ते केलं. म्हटलं, "ताई, मीठ चुकीच्या जागी घातलंय. असं ठेवलं तर रोप आठ दिवसांत मरेल."

त्या घाबरल्या. "मीठ काढायचं?"

"काढायचं नाही. खोल घालायचं."

काथोडदादांनी दोन हात खड्डा घेतला. विमलताईंनी तळाशी टोपडं ठेवलं, भोवती मीठ घातलं. टोपडं किती वेळ हातात धरायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं. त्यावर मी हातभर गोडी, बिनमिठाची माती टाकून घेतली, दाबून घेतली, मग शेणखत, मग रोप. तेवढं अंतर ठेवलं की मुळं मिठापर्यंत पोचेपर्यंत दोन पावसाळे मीठ धुऊन नेतात. आळं केलं. विमलताईंनी पाणी घातलं. मातीने पाणी पिऊन घेतलं तेव्हा बुडबुडे आले आणि एक लहानसा आवाज झाला. कोरड्या मातीत हवा अडकलेली असते, त्याचा तो आवाज. मी त्यांना तसं सांगितलं नाही. त्या कान देऊन ऐकत होत्या.

संध्याकाळी मी नवा नकाशा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"हे काय? रांगा कुठे गेल्या?"

"झुडपं हलवता येणार नाहीत, सर." मी कारण सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं.

साहेब पेपरवेट फिरवत म्हणाले, "मॅडम, हे कागदावर आलं की काम बंद. उद्या कोणी कोर्टात जाईल, परवा कोणी तिथे मंडप टाकेल."

"म्हणून कागदावर एवढंच आहे. स्थानिक श्रद्धेची जागा, खोदकाम करू नये."

त्यांनी नकाशा जवळ ओढला. पेनाने ठिपके मोजत गेले. सरकारी माणसं नको तिथे मोजतात. "चाळीस. सर्व्हेत एकोणचाळीस होती ना?"

"मोजायला चुकले."

"तुम्ही?"

"हो सर. मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सही केली. साहेबांची आई त्याच बागेमागच्या चाळीत वाढलेली, हे मला नंतर काथोडदादांकडून कळलं. त्या वेळी मला वाटलं होतं की माझ्या आवाजात जरब होती.

बाग पावसाळ्याआधी खुली झाली. वरचे चार टप्पे फोटोतल्यासारखे, रेघेला रेघ. पाचव्यावर तगर होती तशीच, वेडीवाकडी. उद्घाटनाला आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं की खालचं काम अर्धवट का राहिलं. मी सांगितलं, ते पूर्ण झालेलं आहे.

फक्कीची रेघ कोणी वळवली ते मात्र मला अजून माहीत नाही. काथोडदादांना त्यांच्या निरोपाच्या दिवशी पुन्हा विचारलं. म्हणाले, मी नाय केला. कदाचित ते खोटं बोलत असतील. खोटं बोलत असावेत अशीच माझी इच्छा आहे.

माझ्या सर्व्हे शीटमध्ये झाडाचं नाव, उंची, खोडाचा घेर, अंतर असे रकाने असतात. आता मी त्यात एक वाढवलाय, "इथे कोण येतं?" नव्या बांधकामांवर तो बहुतेक रिकामाच राहतो आणि क्लायंट विचारतात की हे कशाला. मी म्हणते, फॉरमॅटच तसा आहे. आणि तो भरल्याशिवाय टेप बाहेर काढत नाही.